न दिसणाऱ्या भीतीला शेजाऱ्याचा चेहरा देऊ नका

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये ओंकार नावाचा हत्ती सिंधुदुर्गातून गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात आला. मोपा, तांबोसे भागात त्याने केळीच्या बागा मोडल्या, भात तुडवलं. भीती खरी होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पलीकडच्या दोडामार्ग तालुक्यात, मोर्ले गावात, हत्तीच्या हल्ल्यात एक वयस्क शेतकरी दगावला होता. तरीही त्या दिवसांत धारगळच्या माझ्या भुसारी दुकानात आलेलं गिऱ्हाईक सामान घेऊन लगेच निघत नव्हतं. हत्ती काल रात्री कुठे होता, आज कुठल्या बाजूला वळला, कुणाची बाग गेली, वनखात्याची माणसं कुठे थांबली आहेत, हे एकमेकांना सांगून झाल्याशिवाय कुणाचा पाय निघत नव्हता. एरवी बांधावरून भांडणारे दोघे एकाच स्कूटरवरून तांबोशाला जाऊन आलेले मी पाहिले.

२०२० च्या मार्चमध्ये हीच माणसं याच दुकानासमोर उभी होती. तेव्हा कुणी कुणाशी बोलत नव्हतं. रांगेत कुणी खोकलं की पुढचेमागचे दोघेही बाजूला सरत. कोण मुंबईहून आलं, कुणाचा मुलगा जहाजावरून परतला, कुणाच्या खोलीत परप्रांतीय राहतात, याची कुजबुज मात्र चालू होती.

गाव तेच, माणसंही तीच. फरक एवढाच की हत्ती दिसत होता आणि विषाणू दिसत नव्हता. दिसणाऱ्या संकटापुढे माणसं खांद्याला खांदा लावतात. संकट दिसत नसलं की ती एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. ज्याला रूप नाही त्याला कुणाचा तरी चेहरा द्यावा लागतो, आणि सगळ्यात जवळचा चेहरा शेजाऱ्याचाच असतो. हे मला कुठल्या व्याख्यानातून कळलं नाही, एका भयकथेने दाखवलं. मराठीत ज्या साहित्याला आपण वेळ घालवण्याचं वाचन म्हणून बाजूला ठेवतो, त्याच्या बाजूने म्हणूनच आज लिहिते आहे.

ती कथा म्हणजे अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांची ‘द मिस्ट’ ही लघुकादंबरी. १९८० साली ती ‘डार्क फोर्सेस’ या संग्रहात पहिल्यांदा छापून आली आणि १९८५ साली किंग यांच्या ‘स्केलेटन क्रू’ या पुस्तकात आली. मेन राज्यातलं ब्रिजटन हे तळ्याकाठचं लहान गाव. रात्री वादळ होतं, झाडं पडतात, वीज जाते. सकाळी डेव्हिड ड्रेटन नावाचा चित्रकार आपल्या पाच वर्षांच्या मुलाला आणि शेजाऱ्याला गाडीत घालून सामान आणायला सुपरमार्केटात जातो. या शेजाऱ्याशी त्याचं जमिनीवरून कोर्टात भांडण झालेलं आहे. वीज नसल्यामुळे बिलं हळूहळू होत आहेत, रांगा लांबल्या आहेत. तेवढ्यात तळ्याकडून पांढरंशुभ्र धुकं येतं आणि दुकानाला वेढून टाकतं. धुक्यात काहीतरी आहे. त्याचा एखादा अवयव दिसतो, आवाज येतो, बाहेर गेलेला माणूस परत येत नाही. पण समोर नेमकं काय आहे ते कुणाला धड सांगता येत नाही.

ही गोष्ट मी दुकानदार म्हणून वाचली. किंग यांना ती एका दुकानातच सुचली. वादळानंतर ते सामान आणायला गेले होते तेव्हा. दुकान त्यांनी बारकाईने पाहिलेलं आहे, हे पानोपानी जाणवतं. दर्शनी भिंत सगळी काचेची, म्हणून माणसं खताच्या आणि कुत्र्याच्या खाद्याच्या गोण्या काचेला लावून रचतात. पोत्यांची थप्पी रचण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ते वाचताना हातांत वजन जाणवतं. आणि सगळ्यांत शांत डोक्याने वागतो तो दुकानाचा सहायक व्यवस्थापक, ज्याच्याकडे त्या दिवसापर्यंत कुणी नीट पाहिलेलंही नव्हतं.

धुक्यातल्या प्राण्यांपेक्षा दुकानातली माणसं महत्त्वाची आहेत. शेजारी वकील धुक्यात काही आहे हेच मानत नाही. गावकरी आपली टर उडवत आहेत अशी त्याची समजूत होते आणि त्या हट्टापायी तो काही जणांना घेऊन बाहेर पडतो. त्यांच्यातल्या एकाच्या कमरेला बांधलेली दोरी तेवढी परत येते, तुटलेली. दुसरी मिसेस कार्मोडी. जुन्या वस्तूंचं दुकान चालवणारी, घरगुती औषधं सांगणारी बाई. पहिल्या तासाला तिच्या बडबडीकडे कुणी लक्ष देत नाही. दोन दिवसांत तिच्याभोवती जमाव उभा राहतो आणि तो जमाव एका लहान मुलाचा बळी मागू लागतो. चांगली, कमावती, देवाला जाणारी माणसं! काचेबाहेरचं काही त्यांना थांबवता येत नाही, म्हणून आतल्या कुणाला तरी ती दोषी ठरवतात.

माझ्या मनातून मात्र जात नाही ती गोष्टीच्या सुरुवातीला येणारी एक बाई. तिचं नावही आपल्याला कळत नाही. घरी दोन मुलं आहेत, थोरली जेमतेम आठ वर्षांची, धाकट्याला तिच्या भरवशावर टाकून ती पाच मिनिटांसाठी आली होती. कुणीतरी मला घरापर्यंत सोबत करा, असं ती एकेकाकडे बघून विचारते. कुणी पुढे येत नाही. आपला नायकही नाही, कारण त्याचा मुलगा त्याला बिलगलेला आहे. ती एकटीच दार उघडून धुक्यात जाते. पुढे तिचं काय झालं ते किंग सांगत नाहीत. २००७ साली फ्रँक डॅराबाँट यांनी या कथेवर चित्रपट केला तेव्हा त्यांनी शेवटी ही बाई दाखवली: सैन्याच्या गाडीत, दोन्ही मुलांसह सुखरूप. आणि जो तिच्याबरोबर गेला नाही, त्या नायकाचा सर्वनाश झालेला. दिग्दर्शकाला मूळ कथेतली ही जागा स्वस्थ बसू देत नसणार. मलाही देत नाही.

आमच्याकडे धुकं आलं ते २२ मार्च २०२० ला. जनता कर्फ्यूचा तो दिवस गोव्यात पुढे लांबत गेला. २५ मार्चला राज्यात पहिले तीन रुग्ण सापडले. सुरुवातीच्या त्या दिवसांत किराणा दुकानंही बंद होती. शटर खाली आणि फोन सारखा वाजतोय: “वयनी, साकर आसा?” “वयनी, उकडे तांदूळ आसात?” भाजी बेळगावहून यायची, ती घाटात अडकलेली. ओरड झाल्यावर दुकानं उघडायला परवानगी मिळाली. तोवर माझ्या दुकानापुढे आलेल्या माणसांच्या डोळ्यांत जे होतं ते भुकेपेक्षा वेगळं होतं. समोरच्याने दोन किलो जास्त घेतलं तर आपल्याला उरेल का, हा हिशेब होता.

पत्रादेवीचा नाका बंद झाला. आम्हा पेडणेकरांची निम्मी सोयरीक बांदा, सातार्डा, सावंतवाडीकडे. १५ ऑगस्ट १९५५ ला याच पत्रादेवीला सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या होत्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर ती सीमा पुसली गेली, असंच आमच्या पिढीला वाटत होतं. सहा दशकांनी तिथे पुन्हा आडवा बांबू लागला. माहेरी आई आजारी असलेली एक गिऱ्हाईण रोज येऊन नाका उघडला का, म्हणून विचारायची. १ मेला गोवा हरित विभागात आल्याचं जाहीर झालं आणि आम्ही सुटलो असं सगळ्यांना वाटलं. मग पुन्हा रुग्ण सापडायला लागले, आणि आता लोक गुन्हेगार शोधू लागले.

बाहेरून येणाऱ्यांना अडवायला कोकणात आणि इकडेही वाटांवर दगड, झाडांच्या फांद्या पडल्या. २२ ऑगस्टला चतुर्थी होती. गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमान्याने चौदा दिवस वेगळं राहायचं की दहा, यावर सिंधुदुर्गात वाद झाले. ज्याच्या मनीऑर्डरीवर घर उभं राहिलं, त्यालाच घराची पायरी बंद! आमच्याकडे महामार्गाच्या रुंदीकरणावर काम करणारे मजूर पत्र्याच्या खोल्यांत अडकून पडले होते. तांदूळ घ्यायला आले तर खडूने आखलेल्या वर्तुळांबाहेर उभे राहायचे. त्यांना शेवटी द्या, असं मला रांगेतल्या ओळखीच्या माणसांनी सांगितलं. मी रांगेप्रमाणे दिलं, आणि त्यावरून काही घरांनी माझ्याकडचं सामान घेणं बंद केलं. मे महिन्यात थिवी स्थानकावरून श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा यातले बरेच जण गेले. हा रस्ता त्यांनी केला होता, आणि आम्ही त्यांना त्याच रस्त्याच्या कडेला उभं केलं.

त्या काळात आमच्या वाड्यावर एक परिचारिका भाड्याच्या खोलीत राहायची. म्हापशाच्या बाजूला कामाला. सरकारी कदंब बस बंद, खाजगी बस बंद. तिच्या ड्युटीची वेळ झाली की ती रस्त्यावर येऊन उभी राहायची आणि ओळखीच्या गाड्या न थांबता पुढे जायच्या. विहिरीवर यायचं नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. अखेर एक पायलट पुढे झाला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मोटरसायकलवरून भाड्याने माणसं सोडणाऱ्याला आमच्याकडे पायलट म्हणतात. धंदा बंद पडून त्याच्या घरात चणचण होती. तरी तो तिला रोज कोलवाळच्या पुलापलीकडे सोडायचा आणि परत आणायचा. घरच्यांनी त्याची ताटवाटी वेगळी केली, तोही काही न बोलता पडवीत झोपला. पुढे गावात आजार शिरला तेव्हा घरोघरी ताप मोजायला, औषध समजावून सांगायला हीच परिचारिका गेली, ज्यांनी तिला विहीर बंद केली होती त्यांच्याकडेसुद्धा. ‘द मिस्ट’ वाचताना मी सारखी या पायलटाकडे वळत होते. त्या सुपरमार्केटात ऐंशीच्या आसपास माणसं होती आणि असा एकही निघाला नाही. धारगळात एक निघाला. गोष्ट एवढ्यावरही बदलू शकते.

दुसरं वर्ष अधिक कठीण गेलं. २०२१ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यात चाचणी केलेल्या जवळपास दर दोघांमागे एक जण बाधित निघत होता. बांबोळीच्या इस्पितळातल्या ऑक्सिजनच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात सुनावण्या चालू होत्या. त्यातच १६ मेला तौक्ते चक्रीवादळ आलं. माड, फणस, विजेचे खांब आडवे झाले. कितीतरी गावांत वीज नाही, फोन लागत नाही, घरात तापाने फणफणलेलं माणूस. वादळ, अंधार आणि न दिसणारं मरण: किंग यांनी चाळीस वर्षांपूर्वी मांडलेला पट जसाच्या तसा आमच्या अंगणात उतरला होता.

मराठी भयकथेबद्दलचं माझं म्हणणं इथून सुरू होतं. माझी पिढी नारायण धारपांवर वाढली. १९२५ साली जन्मलेल्या धारपांनी मराठी वाचकाला भीतीची गोडी लावली, ग्रंथालयांत त्यांच्या पुस्तकांची पानं सुटेपर्यंत ती फिरली. किंग यांची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरीही आपल्याकडे धारपांच्या ‘लुचाई’च्या रूपाने आली. २०१८ साली गाजलेला ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट धारपांच्या कथेतून सुचला. दुसरे रत्नाकर मतकरी. त्यांनी गूढकथा वाड्यातून, स्मशानातून काढली आणि दोन खोल्यांच्या घरात, कारकुनाच्या डोक्यात, लहान मुलाच्या खेळात आणून ठेवली. १७ मे २०२० ला मुंबईत मतकरी गेले, कोरोनानेच. न दिसणाऱ्या भयाला आयुष्यभर शब्द देणारा लेखक त्या न दिसणाऱ्याच्या पहिल्याच लाटेत गेला, ही बातमी माझ्या दुकानात पोचली तेव्हा माझ्यासाठी तो घरचाच माणूस गेला होता.

धारपांबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट म्हणावीशी वाटते. त्यांच्या कितीतरी कथांत संकट हाताबाहेर गेलं की समर्थ हे त्यांचं तारणहार पात्र येतं. कथेतले अप्पा जोशी हाक मारतात, समर्थ त्या घरात पाऊल टाकतात आणि वाचकाचा जीव खाली पडतो. मलाही तो दिलासा फार आवडायचा. पण २०२० मध्ये समर्थ आले नाहीत. कुणीही एक माणूस येऊन धुकं हटवणार नव्हता. किंग यांच्या कथेतही कुणी येत नाही. शेवटी रेडिओच्या खरखरीतून एका दूरच्या शहराचं नाव ऐकू आल्यासारखं वाटतं, एवढ्या आधारावर माणसं पुढे निघतात. तारणहाराची वाट बघण्याची आपली सवय फार जुनी आहे, आणि ती आपल्या भयकथेनेही जोपासली. जिथे कुणी येत नाही आणि आतल्या माणसांनीच एकमेकांचं काय करायचं ते ठरवायचं असतं, अशी कथा आता मराठीला हवी आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. आपल्या समाजात आधीच अंधश्रद्धा कमी नाहीत, त्यात भुताखेतांच्या गोष्टी कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या बाईला चेटकीण ठरवून छळणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. असा कायदा करावा लागला याचा अर्थच असा, की न दिसणाऱ्या भीतीला बाईचा, विधवेचा, गरिबाचा चेहरा देण्याचा रोग आपल्यात मुरलेला आहे. आणि या चुकीला खतपाणी घालणाऱ्या भयकथाही मराठीत पुष्कळ आहेत. त्यांची बाजू मी घेत नाही. पण ‘द मिस्ट’सारखी कथा नेमकी उलट दिशेने जाते. मिसेस कार्मोडीच्या मागे जाणारा जमाव कसा तयार होतो, पहिलं वाक्य कोण उच्चारतं, गप्प बसणाऱ्यांमुळे त्याला कसं बळ मिळतं, हे ती पायरीपायरीने दाखवते. ती नीट वाचलेला माणूस बळी मागणाऱ्या पहिल्या आवाजालाच ओळखेल, असं मला वाटतं.

पेडण्यात दरवर्षी कोजागिरीला पुनवेचा उत्सव होतो. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं निघतात, हजारो माणसं जमतात. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवं होतं, ते पुरं झालं नाही, म्हणून तो रुसून रानाकडे धावतो आणि लोक समजूत घालून त्याला परत आणतात, अशी ही कथा आहे. बाधा झाली असं ज्यांच्याबद्दल घरच्यांना वाटतं, त्यांनाही त्या रात्री आणलं जातं. मनाच्या आजारावर उपचार बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतच व्हायला हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या रात्रीतून मी एक गोष्ट शिकले. तिथे अख्खा तालुका भीतीपुढे एकत्र उभा असतो. भयाला नाव आहे, त्याचं गाऱ्हाणं आहे, त्याची समजूत काढता येते, आणि त्यासाठी शेजाऱ्याला दोषी ठरवावं लागत नाही. आमच्या पूर्वजांनी भीतीला गोष्टीत बसवलं होतं. चांगला लेखकही तेच करतो.

भीती कमी करणारी दुसरी गोष्ट म्हणजे वेळेवर मिळालेली खरी माहिती. माकडताप आठवा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा आजार २०१५ च्या सुमारास सत्तरीतल्या पाली गावात दिसला आणि २०१७ मध्ये शेजारच्या बांदा परिसरात त्याने जीव घेतले. ऐन काजूच्या हंगामात माणसं काजूच्या बागेत जायला घाबरू लागली. सुरुवातीला अफवा होत्या. मग आरोग्यखात्याची माणसं आली. आजार गोचिडीतून येतो, माकड मेलेलं दिसलं की कळवा, अंगाला डीएमपी तेल लावून मगच बागेत शिरा, हे त्यांनी समजावलं. आजार लगेच गेला नाही, भीतीला मात्र आकार आला. अंगाला तेल लावून माणसं पुन्हा बोंडू वेचायला गेली.

किंग यांच्या कथेतलं धुकं बहुधा जवळच्या लष्करी प्रकल्पातून आलेलं असतं. तिथे काय चाललं आहे ते गावाला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. हा तपशील आम्हा धारगळकरांना जवळचा वाटेल. ११ डिसेंबर २०२२ ला एकाच दिवशी मोपा विमानतळाचं आणि धारगळच्या आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन झालं. सुकेकुळणच्या जंक्शनवरून विमानतळाकडे जाणारा रस्ता झाला. तिळारीच्या कालव्याखालची जमीन करमणुकीच्या मोठ्या प्रकल्पासाठी देण्यावरून वाद झाले. २०२४ च्या डिसेंबरात सनबर्न हा संगीत महोत्सव धारगळला आला, गावात दोन तट पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. यातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत आहे, पण आज मुद्दा वेगळा आहे. काय येतंय, किती येतंय, कुणाच्या जमिनीवर येतंय हे गावाला आधी कळत नाही, तेव्हा अफवा कळतात. कुणी पैसे खाल्ले, कुणी सही केली, कुणी जमीन विकली, म्हणून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. प्रकल्पाचा निर्णय करणारा दूर कुठे बसलेला असतो आणि भांडण माझ्या दुकानाच्या पायरीवर होतं. न दिसणाऱ्या संकटाची खूण हीच असते.

म्हणून माझ्या मागण्या दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या साहित्यासाठी. गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांनी भयकथेचं कपाट वेगळं काढून मागे ढकलू नये. धारप, मतकरी हे दळवी-पेंडशांच्या शेजारी लागले पाहिजेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी लेखकांकडून अशी लघुकादंबरी मागावी, जिच्यात धारगळच्या भुसारी दुकानात, पत्रादेवीच्या नाक्यावर किंवा थिवीच्या फलाटावर अडकलेली माणसं असतील, त्यांच्या तोंडी त्यांची बोली असेल आणि शेवटी समर्थ येणार नाहीत. तिची सामग्री २०२० ने आपल्याला दिली आहे. ती लिहिली गेली नाही तर त्या दिवसांत आपण एकमेकांशी कसे वागलो ते विसरायला फार वेळ लागणार नाही. विसरायला सुरुवात झालीच आहे. गणपतीला दारात अडवलेला चाकरमानी आणि अडवणारा काका आता एकत्र आरती म्हणतात, त्या दिवसांचा विषय कुणी काढत नाही. माणसं जवळ आली याचा आनंदच आहे. पण जे घडलं त्याची गोष्ट झाली नाही, तर पुढच्या वेळी तेच घडेल. शाळेत नववी-दहावीच्या मुलांना अशी एखादी कथा वाचायला देऊन एवढाच प्रश्न विचारा: त्या बाईने सोबत मागितली तेव्हा तू काय केलं असतंस? त्या वर्गातली चर्चा मूल्यशिक्षणाच्या दहा तासांहून खरी होईल.

दुसरी मागणी गावासाठी आहे. पुढचं संकट पुराचं असेल, आजाराचं असेल, आणखी कसलं असेल. ते यायच्या आधी प्रत्येक ग्रामपंचायतीने प्रभागवार एक यादी करावी. एकटे राहणारे वृद्ध कोण, भाड्याच्या खोल्यांत आणि पत्र्यांखाली राहणारे मजूर किती, रोजचं औषध कुणाला लागतं, परिचारिका, डॉक्टर, वीज खात्याचे कामगार यांना कामावर नेण्यासाठी कुणाची गाडी मिळेल, आणि प्रत्येक वाड्यावर रात्री-अपरात्री हाक मारली तर निघायला तयार असलेली दोन माणसं कोण. मतदारयादीत नाव आहे की नाही ते या यादीसाठी बघायचं नाही, गावात राहतो एवढं पुरे. अशा यादीला पैसे फारसे लागत नाहीत, वही लागते आणि घरोघरी जाणारी माणसं लागतात. माझ्याकडे उधारीच्या वहीमुळे निम्म्या गावाचे पत्ते आणि अडचणी आधीच लिहिलेल्या आहेत, त्या मी पंचायतीला द्यायला तयार आहे. धारगळच्या पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मी मांडणार आहे. सोबत करणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्या पायलटाचं घाला, असं सुचवणार आहे. त्याला मी विचारलं आहे आणि तो तयार आहे. दुसरं नाव माझं असेल.